रांगेतला पहिला नंबर

झाकणं अजून उघडायची होती, आणि तो आलासुद्धा!

काळा कोट, गळ्याला लाल बो, काखेत ट्रम्पेट. एका हातात ताटली, दुसऱ्या हातात चमचा. आणि दोन्ही आमचे नव्हेत, त्याचे स्वतःचे. हॉलमध्ये पाहुणे अजून एकमेकांना मिठ्या मारत होते, नवरीचे फोटो चालले होते, आणि हा बँडवाला जेवणाच्या टेबलाच्या तोंडाशी खांबासारखा उभा.

"अजून वेळ आहे जेवणाला," मी म्हणाले.

"थांबतो."

"खुर्चीवर बसून थांबलात तरी चालेल. जेवण कुठे पळून जात नाही."

"जेवण नाही पळत हो…" तो हसला. एकाच गालाला खळी पडली. "माझा नंबर पळतो."

आता खरं सांगते, खळी बघून माझा राग थोडा कमी झाला होता. पण झाकणं उघडल्यावर त्यानं जे केलं, त्यानं तो दुप्पट झाला. त्यानं साधा भात घेतला, तोही मधला, कडेचा नाही. मग द्राक्षं घेतली, टरबुजाच्या दोन फोडी घेतल्या. आणि माझ्या भरलेल्या ढोबळ्या मिरच्यांना चक्क वळसा घालून तो पुढे निघाला.

मावशीच्या केटरिंगमध्ये मी सारणवाली. जे जे पोकळ आहे किंवा पोकळ करता येतं, ते भरायचं, हे माझं काम. मिरची, टोमॅटो, भोपळा, सफरचंद, कोबीची पानं. मावशी म्हणते, "हिला रिकामं काही बघवत नाही, स्वतःचं डोकं सोडून." तर अशा बाईच्या मिरचीला कुणी वळसा घालावा?

"मिरची घ्या ना," मी म्हणाले.

"नको."

"तिखट नाहीये."

"सुंदर दिसतेय."

"सुंदर म्हणजे? ती काय भिंतीवर टांगायची आहे?"

"नाही म्हणजे… पोट भरलंय."

"पोट भरलेला माणूस सगळ्यांच्या आधी येऊन उभा राहतो?"

तो कानापर्यंत लाल झाला, आणि ताटली घेऊन स्टेजच्या मागे गेला. मी मावशीला हे सगळं रंगवून सांगितलं. "आधी पोटोबा, मग विठोबा," मावशी म्हणाली. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं पहिला नंबर.

त्या हॉलमध्ये जेवण आमचं आणि बँड त्यांचा, हे ठरलेलंच होतं. त्यामुळे दर रविवारी तो दिसायचाच. दर रविवारी तो पहिला यायचा, आणि दर रविवारी माझ्या मिरचीला वळसा. मी त्याच्याकडे बघायचे, ते अर्थात रागानं. आता रागानं बघायचं तर नीट बघायला नको का? ट्रम्पेट वाजवताना त्याच्या भुवया वर जातात, हे मला असंच रागारागात कळलं.

त्यालाही काहीतरी कळलं असावं. कारण एका रविवारी मी ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर पडले आणि स्टेजवरून खणखणीत आवाज आला — पँऽ पॅं-पॅं पँऽऽऽ! राजाची स्वारी यावी तसा. सगळा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या हातात भरलेले टोमॅटो, आणि चेहरा त्यांच्याच रंगाचा!

"हे काय होतं?" मी नंतर त्याला गाठून विचारलं.

"सलामी."

"कुणाला?"

"टोमॅटोंना," तो अगदी गंभीर चेहरा करून म्हणाला. "खाता येत नाहीत, निदान मान तरी द्यावा."

खाता येत नाहीत? हे शब्द माझ्या डोक्यात अडकून बसले.

ते सुटले स्वयंपाकघरामागच्या नळावर. मी भाजी धुवायला गेले, तर पहिला नंबर तिथे पायरीवर बसून डबा खात होता. डब्यात होते उकडलेले बटाटे. गार. इकडे आत मेजवानीचा घमघमाट, आणि हा इथे गार बटाटे खातोय!

"आमच्या जेवणात एवढं काय वाईट आहे?" मी विचारलं. आवाज चढवायचा होता, पण चढला नाही.

त्यानं डबा बाजूला ठेवला. "मला गहू चालत नाही. गहू, जव, मैदा, रवा… त्यात ग्लूटेन असतं, ते माझं पोट सहन करत नाही. पावाचा एवढासा चुरा गेला तरी दोन दिवस अंथरुणात."

"म्हणून पहिला नंबर?"

"रांग सुरू झाली की संपलं. या भांड्यातला चमचा त्या भांड्यात, पाव सगळ्यांच्या हातात. पहिल्या माणसाचं ताट तेवढं स्वच्छ."

"मग सांगायचं ना तसं!"

"सांगितलं की काय होतं माहितीय? सगळे गोळा होतात. 'थोडंसं खाऊन बघ, काही होत नाही.' 'आमच्या काकांनाही असंच होतं, आता दगड पचवतात.' त्यापेक्षा खादाड म्हणवून घेतलेलं परवडतं."

मी त्याच्या शेजारी पायरीवर बसले. भाजीची टोपली मांडीवरच राहिली. "आणि माझी मिरची? तिच्यात काय आहे हे न विचारताच…"

"पावाचा चुरा आहे. वरची कड तपकिरी, कुरकुरीत झालेली असते. लांबून ओळखतो मी." तो थोडा थांबला. "लांबूनच ओळख आहे आमची."

त्याच्या त्या 'लांबून' शब्दानं मला कसंतरीच झालं. इतके रविवार हा माणूस माझ्या मिरचीकडे त्या नजरेनं बघत होता, आणि मी त्याला नखरेल समजत होते!

"पुढच्या रविवारी डबा आणू नकोस," मी ताडकन उठत म्हणाले.

"नकोस?" खळी पडली. "आत्तापर्यंत 'नका' होतं."

"आत्तापर्यंत बटाटे गार आहेत हे माहीत नव्हतं," मी म्हणाले, आणि भाजी न धुताच आत पळाले.

तो आठवडा मी जमिनीवर नव्हतेच. ज्वारी आणली, अख्खी. पीठ नको, कारण गिरणीत आधी कुणाचा गहू दळला असेल काय सांगावं. ती स्वतः निवडली, रात्रभर भिजवली, मऊ शिजवली. तिच्यात मक्याचे दाणे, परतलेला कांदा, बारीक चिरलेलं जर्दाळू, पुदिना, वर लिंबू. नवं पातेलं, नवा लाकडी चमचा, नवी फळी चिरायला. आचारीकाकांना मी पातेल्याच्या आसपास फिरकूसुद्धा दिलं नाही. ते मावशीला म्हणाले, "पोरीनं पातेल्याशी लग्न लावलंय वाटतं."

"पातेल्याशी नाही," मावशी म्हणाली. मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही.

रविवार उजाडला. दोन मिरच्या मी त्याच्यासाठी वेगळ्या ठेवल्या. सारण हलवत होते तेव्हा हॉलमध्ये बँडचा सराव चालला होता, आणि दारातून तो दिसत होता. त्यानं माझ्याकडे बघत एक सूर इतका लांबवला… इतका लांबवला की मी हसले. हसता हसता मिरच्या भरल्या, भाजल्या, आणि त्याच्या ताटलीत नेऊन ठेवल्या.

"गरम आहे, जपून," मी म्हणाले.

"आज जपायचं नाहीये," तो म्हणाला.

मी तरंगत स्वयंपाकघरात आले. हात धुवायला नळाखाली धरले… आणि उजव्या तळव्यावर बारीक बारीक काहीतरी चिकटलेलं दिसलं. पावाचा चुरा!

सारण करणाऱ्यांचा हात असा असतो. सगळं मिसळून झालं की शेवटी एक मूठ चुरा, सारण कोरडं व्हायला. हजारदा केलेलं. डोकं विचारत नाही, हातच डब्यात जातो. माझं डोकं त्या लांब सुरात होतं, आणि हातानं आपलं काम चोख केलं होतं.

मी धावले. खुर्च्या पाडत, कुणाच्या तरी आजोबांना धक्का देत, ओल्या हातांनी, स्टेजपर्यंत. त्यानं घास चमच्यावर घेतला होता, डोळे मिटले होते. मी ताटलीला अशी चापट मारली की एक मिरची उडाली आणि थेट बँडमास्तरांच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर जाऊन फुटली.



"खाल्लास?" मला धाप लागली होती. "खाल्लास का? सांग ना!"

"नाही… नुसता वास घेत होतो."

"चुरा पडला माझ्या हातून… सवयीनं… मी इतकी काळजी घेतली आणि शेवटी…" भर लग्नात, दोनेकशे माणसांसमोर मी ढसाढसा रडायला लागले.

तो माझ्याकडे वाकला. मग इतक्या हळू म्हणाला की मलाच ऐकू यावं, "मला भरवायला आजवर पुष्कळ जण धावले. खाऊ नको म्हणून धावलेली तू पहिलीच."

मी त्याच्या प्रेमात कधी पडले, असं मला कुणी विचारलं तर मी हाच क्षण सांगते. शर्टावरून ज्वारी झटकणारे बँडमास्तर समोर उभे असताना.

मावशीला मात्र या क्षणाचं काही कौतुक नव्हतं. "प्रेमात पडायचं तर खुशाल पड," ती म्हणाली, "पण हात चुऱ्यात आणि डोळे स्टेजवर, हे माझ्या स्वयंपाकघरात चालणार नाही. आज तो आजारी पडला असता म्हणजे? उद्यापासून सारण आचारीकाका करतील. तू कांदे सोलायचे."

सारण गेलं! माझं सारण! पण खरी वीज पडायची बाकीच होती. बँडच्या सामानाच्या गाडीपाशी तो मला भेटला, ट्रम्पेटची पेटी छातीशी धरून.

"एक सांगू? माझ्यासाठी पुन्हा काही करू नकोस."

"एकदा चुकलं म्हणून?"

"चुकलं म्हणून नाही." तो पेटीच्या कडीशी चाळा करत राहिला. "माझ्यामुळे घरात सगळ्यांनाच सतत जपावं लागतं. आई पीठ मळते तेव्हा दार लावून घेते. कुठे बोलावलं तर घरच्यांना आधी माझ्या डब्याची चिंता. माझ्याबरोबर राहायचं म्हणजे रोजची परीक्षा आहे गं. आज तू कशी रडलीस ते पाहिलं मी… तुला हे नको."

"मला काय नको ते तू ठरवणार?"

"हो," तो म्हणाला. पण माझ्याकडे न बघता. आणि गाडीत चढला.

असा संताप आला मला! माझी मिरची नाकारली, ठीक. आता हा मलाच वळसा घालून निघाला होता, आणि वर म्हणे माझ्याच भल्यासाठी! मी ठरवलं, याला दाखवायचं. त्याच्यासोबत जेवणं ही शिक्षा नाही, मेजवानी आहे, हे सगळ्या हॉलसमोर दाखवायचं.

दिवसा मी कांदे सोलायचे, तेव्हा रडायला निमित्त आयतंच मिळायचं. आणि संध्याकाळी घरच्या ओट्यावर माझा हट्ट चालायचा. अडचण एकच होती, पण ती डोंगराएवढी. फळांना पाणी सुटतं. नासपती, सफरचंद, द्राक्षं सारणात घातली की चव स्वर्गाची, पण ती भट्टीत जाऊन रडू लागतात. ते पाणी प्यायला पावाचा चुरा लागतो. चुरा नाही तर सारणाचं होतं थबथबीत पिठलं. वरई घालून पाहिली, ती फुलली पण सुटी राहिली. तांदूळ घातला, तो गिच्च झाला. सुरीनं मिरची कापली की सगळं ताटात पसरायचं. आई म्हणाली, "चव छान आहे, पण हे खायचं की प्यायचं?"

मग एकदा मी राजगिरा शिजवला आणि फोनवर मावशीची बोलणी खाण्यात तो गॅसवरच विसरले. येऊन बघते तर चमचा पातेल्यात ताठ उभा! राजगिऱ्याचा असा चिकट लगदा झाला होता की चमचा उपटावा लागला. मी त्या पातेल्याकडे बघत राहिले, आणि मग ओट्याभोवती एकटीच नाचले. चुऱ्याचं काम हाच करणार होता. ज्वारी चावायला, वरई हलकेपणाला, राजगिरा धरून ठेवायला. आणि फळं सारणात घालण्याआधी नुसती भाजून घ्यायची, म्हणजे त्यांनी काय रडायचं ते आधीच रडून घ्यावं.

मी तीन मिरच्या डब्यात घालून मावशीपुढे ठेवल्या. मावशीनं एक खाल्ली. दुसरी खाल्ली. तिसरी उचलली.

"चुरा कुठला वापरलास?"

"चुरा नाहीच."

"थापा मारू नकोस. बत्तीस वर्षं सारणं खातेय मी."

"मावशी, वकीलबाईंच्या लेकीचं लग्न आहे ना पुढच्या महिन्यात? तोंडीलावणी सगळी मला दे. एकाही पदार्थात गव्हाचा कण असणार नाही, आणि कुणाला सांगायचंही नाही. फक्त वाढायचं."

मावशीनं तिसरी मिरची संपवली, बोटं पुसली. वकीलबाई म्हणजे कोर्टात आणि जेवणात सारख्याच कडक. त्यांच्याकडे फजिती झाली तर गावभर होणार. "ताटात काही उरलं, कुणी नाक मुरडलं, तर सारणाचं नाव पुन्हा काढायचं नाही. कायमचं. कबूल?"

"कबूल. पण वाढणार मी एकटी. डाव दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही."

"अगं, दोनशे माणसं आहेत!"

"हात दोन आहेत," मी म्हणाले.

लग्नाच्या दिवशी मी पहाटेच स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. पिठाच्या पिशव्या उघडण्याआधी माझं सगळं भट्टीतून बाहेर आलं होतं. ज्वारी-मक्याच्या मिरच्या. अख्खा तांबडा भोपळा, त्यात तांदूळ, आंबट सफरचंद आणि अक्रोड. कोबीच्या पानांच्या गुंडाळ्या, आत वरई, गाजर आणि मनुका. भाजलेलं बीट आणि संत्र्याच्या फोडी, खाली मोकळी ज्वारी, वर डाळिंबाचे दाणे. पावाचं टेबल मी हॉलच्या दुसऱ्या टोकाला लावून घेतलं. आचारीकाका मान हलवत म्हणाले, "पाव गेला वनवासात." पण टेबल ढकलायला मदत त्यांनीच केली.

झाकणं उघडायच्या आधी पहिला नंबर हजर! ताटली, चमचा, लाल बो. गाडीपाशी झालेल्या त्या बोलण्यानंतर आम्ही बोललो नव्हतो. त्यानं खाली बघतच ताटली पुढे केली. "थोडी द्राक्षं दिलीस तरी पुरे."

"आज नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे जा, बँड वाजव. सगळे जेवले की ये. सगळ्यांत शेवटी."

त्याचा चेहरा उतरला. "शेवटी? तुला माहितीय ना…"

"इथे गव्हाचा कण नाही. डाव माझ्या हातात आहे, तो कुणाच्या ताटलीला टेकणार नाही. तू शेवटी आलास तरी पहिल्याइतकंच स्वच्छ वाढीन." मागच्या वेळी चुकले होते ते हेच हात. मी दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले. "बघ. आणि विश्वास बसत नसेल तर द्राक्षं देते. मी रागावणार नाही."

तो तळव्यांकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. मग त्यानं ताटली काखेत मारली आणि स्टेजकडे गेला. मला वाटलं, माझं काळीज त्या भोपळ्यात पडलं.

आणि रांग सुरू झाली.

डाव उंच धरायचा, घास वरून सोडायचा, ताटलीला टेकवायचा नाही. पहिल्या पन्नास माणसांपर्यंत मला मजा वाटली. पुढे खांदा बोलायला लागला. वकीलबाई आल्या, त्यांनी डावाकडे हात केला. "मी घेते माझं."

"आज मी वाढणार बाई."

"का?"

"कारण हे माझं टेबल आहे."

वकीलबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कोर्टात अशा वेळी लोक गप्प होत असतील. मी भोपळ्याची फोड त्यांच्या ताटलीत सोडली. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या खाल्ली, आणि ताटली पुन्हा पुढे केली.

तिथून जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. माणसं परत यायला लागली! "ती लाल-केशरी भाजी अजून आहे?" "मिरचीत काय घातलंय हो?" नवरीच्या काकूंनी गुंडाळ्या मोजून घेतल्या आणि विसरल्यासारखं दाखवून पुन्हा घेतल्या. एक आजोबा पावाचा तुकडा घेऊन बिटाच्या भांड्यात बुडवायला निघाले, तर मी भांड्यावर अशी आडवी पडले की बिचारे सॉरी म्हणून गेले. लांब मावशी उभी होती. तिचे खांदे हलत होते. हसत होती ती!

आणि मग मी ट्रेकडे पाहिलं. सगळं संपत चाललं होतं. मी त्याच्यासाठी वेगळं काही काढून ठेवलं नव्हतं. मुद्दाम. त्यानं सगळ्यांसारखं, सगळ्यांच्याच ट्रेमधून खावं म्हणून. आता ताटात उरू नये म्हणून अट घातलेली, आणि काहीतरी उरावं म्हणून जीव टांगलेला! अशी पंचाईत कुणा सुगरणीची झाली नसेल.

शेवटी भोपळ्याची एक फोड, बिटाचे दोन डाव आणि एक मिरची उरली. आणि वकीलबाई तिसऱ्यांदा आल्या.

"ती मिरची दे बघू."

सगळा दिवस मी त्यांना मागतील ते वाढत आले होते. मागून मावशीनं माझ्या कमरेला चिमटा काढला, म्हणजे दे. मी डाव पाठीमागे धरला.

"ही शेवटची आहे बाई. आणि तिचा माणूस ठरलेला आहे."

"कोण?" वकीलबाईंनी विचारलं. तो आवाज सवयीनं एवढा मोठा होता की सगळ्या हॉलनं ऐकला.

बँड थांबला. तो स्टेजवरून उतरला. ट्रम्पेट बँडमास्तरांच्या हातात, ताटली स्वतःच्या हातात. माणसं बाजूला होत गेली आणि तो टेबलापाशी येऊन उभा राहिला, सगळ्यांच्या मागून, सगळ्यांत शेवटी. मी वाढलं. खांदा इतका भरून आला होता की डाव कलला आणि डाळिंबाचे दाणे टपटपले. पण डाव ताटलीला टेकला नाही.

त्यानं मिरची कापली. सारण जागचं हललं नाही. पहिला घास खाल्ला.

"कसंय?" मी विचारलं.

तो चावत राहिला.

"मीठ कमी आहे?"

त्यानं मान हलवली. दुसरा घास. त्याचे डोळे भरून आले होते. "बोलायला लावू नकोस," तो म्हणाला. "मला आज पहिल्यांदाच घाई नाहीये. सावकाश खाऊ दे."

तो सावकाश जेवला. मिरची, भोपळा, बीट. लोकांसमोर, उजेडात, गप्पा मारणाऱ्या माणसांच्या मधे. ताटली लख्ख झाली, आणि माझे सगळे ट्रेही. मावशीनं एकेक ट्रे उचलून तळाशी पाहिलं. मग म्हणाली, "सारण तुझं. कांदे आता काकांना." काकांनी कपाळावर हात मारला.

पण माझं लक्ष तिकडे नव्हतं. "आता सांग," मी त्याला म्हणाले, "परीक्षा वाटली तुला ही?"

"तुझी होती ना परीक्षा. तुझा खांदा गेलाय. डाव सुटत नाहीये हातातून."

"खांदा माझा आहे, मी बघीन. मला उद्याही तू समोर बसून जेवायला हवा आहेस. परवाही. मला…" एरवी माझी जीभ कात्रीसारखी चालते, आणि नेमकी तेव्हाच अडली. "मला तू आवडतोस. पोटासकट!"

तो हसायला लागला. खळी अशी खोल पडली की तिच्यातही काही भरता आलं असतं. "मग पोटासकट विचारतो," तो म्हणाला. "लग्न करशील माझ्याशी?"

आयुष्यभर ट्रम्पेट फुंकणाऱ्या माणसाला आनंदात हळू बोलणं जमत नाही. सगळ्या हॉलनं ऐकलं. नवरीनंच पहिली टाळी वाजवली, वकीलबाई म्हणाल्या, "काय पोरी, कबूल?" आणि बँडमास्तरांनी माझ्या उत्तराची वाट न बघता बँड सुरू करून टाकला. ढोल, झांजा, सगळं एकदम! मी "हो" म्हणाले, पण त्या दणदणाटात ते त्यालासुद्धा ऐकू गेलं नाही. तो कानाला हात लावून वाकला, चेहरा कासावीस.

मग मी डाव टेबलावर दाणकन आपटला. बँड थांबला. आणि मी पुन्हा म्हणाले, शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असं —

"हो!"